निवांत जावा, म्हणाले मी

निवृत्त झाल्यापासून लग्नाच्या जेवणात मला फार मान मिळायला लागला आहे. हात धुऊन मी कुठं खुर्ची टाकून बसले की कुणीतरी येऊन शेजारी टेकतं, इकडंतिकडं बघतं आणि आवाज खाली आणून म्हणतं, "सिस्टर, तुमी कॅन्सरच्या दवाखान्यात हुतासा न्हवं? आमच्या पावण्यातल्या एका बाईचं विचारायचं हुतं." पावण्यातली ती बाई बहुतेक वेळा दोन खुर्च्या सोडून आइस्क्रीम खात बसलेली असते. प्रश्नही ठरलेला, "किती टक्के बरी होईल?" कोल्हापुरात सगळ्याला टक्के लागतात, दहावीला, उसाच्या उताऱ्याला आणि आजाराला. पन्नासच्या वर सांगितलं तर मी अनुभवी सिस्टर. खाली सांगितलं तर मला काही कळत नाही.

मी जवळजवळ तीस वर्षं केमोथेरपीच्या वॉर्डात काढली. बाहेरच्यांना वाटतं, सिस्टरचं काम म्हणजे शीर शोधायची, सलाईन लावायचं, उलटीला भांडं धरायचं. तो कामाचा सोपा भाग. दहा डोस झालेल्या हातात पहिल्या टोचण्यात शीर धरणारी म्हणून माझं नाव होतं आणि त्याचा मला अजून गर्व आहे. अवघड भाग खोटं बोलण्याचा. तो नर्सिंगच्या अभ्यासक्रमात नव्हता, नातेवाइकांनी फुकट शिकवला.

आमच्याकडे येणाऱ्या बायकांत अंडाशयाच्या कॅन्सरवाल्या पुष्कळ असत. हा आजार फार सभ्य आहे. गाजावाजा करत नाही. पोट जरा फुगतं, चार घासांत भरल्यासारखं होतं, लघवीला सारखं जावं लागतं. आता एवढ्याशा गोष्टीसाठी घरातल्या बाईला कोण दवाखान्यात नेतंय? तिला ओवा मिळतो, सोडा मिळतो, 'जरा चालत जा, वजन वाढलंय' असा सल्ला मिळतो. फारच लाडकी असेल तर गॅसच्या गोळ्यांचं पाकीट मिळतं. असे महिने जातात. पोट दिवस भरल्यासारखं दिसायला लागलं की सोनोग्राफी होते आणि तोवर आजार अंडाशयातून निघून पोटाच्या अस्तरावर सगळीकडे बसलेला असतो. तिसरी, चौथी स्टेज म्हणतात ती हीच. मग सगळं घर डॉक्टरांवर ओरडतं, "एवढा उशीर कसा झाला?"

वॉर्डात एक कुठंही न लिहिलेला नियम होता. पेशंट बाकावर बसायची आणि फाईल आत जायची. फाईलबरोबर नवरा, मुलगा, दीर, मेहुणा आणि गावचे उपसरपंच जायचे. ज्या बाईचं पोट, ती सोडून सगळ्यांना तिच्या पोटात काय आहे ते कळायचं. बाहेर येताना त्यातला एक जण मागं राहायचा आणि मला कोपऱ्यात घ्यायचा. "सिस्टर, तिला कळता कामा न्हाय. हाय खाईल." मग मी केमोला 'ताकदीचं सलाईन' म्हणायचे. ताकदीच्या सलाईननं डोक्यावरचे सगळे केस जातात हा शोध आमच्या कोल्हापूरचा. केस का गेले विचारलं तर औषध उष्ण पडलं म्हणायचं.

वारणानगरचे एक निवृत्त क्लार्क तर एकदा तक्ताच करून घेऊन आले. घरातल्या कुणाला काय सांगितलंय ते त्यात व्यवस्थित आखलेलं होतं. थोरल्या जावेला 'गाठ', धाकटीला 'अल्सर', व्याह्यांना 'पथरी', पेशंटला 'अशक्तपणा'. घोळ नको म्हणून माझ्यासाठी झेरॉक्स. त्यांच्या पत्नीला मी सुई लावत होते तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "ह्यांचा तक्ता बघितलासा न्हवं? माझं नाव सगळ्यात खाली हाय त्यात."

सगळ्याजणींना सगळं कळायचं. बाकावर दुसरं काम काय असतं? एकीचे केस उगवलेले, दुसरीचे जायला लागलेले, तिसरी चौथ्या डोसाला आलेली. अर्ध्या तासात तिथं जे शिक्षण व्हायचं ते आत फाईलवाल्यांना मिळत नसे. एकच गोष्ट बाकावर कळत नसे. आजाराचं नाव कळायचं, डोस कळायचे, पण आपल्या हातात किती वेळ आहे ते कुणाला ठाऊक नसायचं. कारण ज्यांचा आजार उलटायचा त्या हळूहळू बाकावर यायच्या बंद होत.

गडहिंग्लजकडच्या एका खेड्यातल्या शालनताई अशाच फाईलमागून आल्या. वय पंचावन्नच्या आसपास, अंगानं सडपातळ आणि पोट तेवढं टरारलेलं. मुलगा सचिन त्यांना पार्किंगच्या फाटकातून आणायचा, कारण पुढच्या फाटकावर दवाखान्याचं नाव कॅन्सरसकट हातभर अक्षरांत लिहिलेलं होतं. सातवी पास बाईला पाटी फक्त समोरूनच वाचता येते अशी त्याची समजूत असावी.

पहिल्या दिवशी फॉर्म भरताना मी विचारलं, "मुलं किती?"

नवरा बाळासाहेब म्हणाले, "एक मुलगा."

ते औषधं आणायला गेले तेव्हा शालनताई म्हणाल्या, "दोन लिवा. लेक हाय मला. मनीषा. मलकापूरला आसती."

लेकीनं सहा वर्षांपूर्वी कॉलेजातल्या मुलाशी लग्न केलं होतं. मुलगा बौद्ध समाजातला, हायस्कूलमध्ये गणिताचा मास्तर. बाळासाहेबांनी त्या दिवसापासून घरात लेकीचं नाव काढायला बंदी केली होती. नात तीन वर्षांची झाली होती आणि आजीनं तिला फक्त जावेच्या फोनवर पाहिलं होतं. "बरी झालो की भांडून जाणार हाय," त्या म्हणाल्या. (आमच्याकडच्या बायका 'जाते-येते' म्हणत नाहीत, 'जातो-येतो' म्हणतात.) "आता कसं भांडू? ह्येंच्याच गाडीतनं दवाखान्यात यायचं. आजारी बाईला भांडता येत न्हाय, सिस्टर."

हे त्यांनी इतक्या सरळ सांगितलं की मला हसू आलं. मग नाही आलं.

त्यांचे तीन डोस झाले, मग मोठं ऑपरेशन, मग पुन्हा तीन डोस. पोटातलं दिसेल तेवढं काढायचं आणि न दिसणाऱ्यासाठी औषध द्यायचं, अशी ही पद्धत. त्यांनी सगळं बिनबोभाट सोसलं. शेवटी स्कॅन स्वच्छ आला, रक्तातला आजाराचा आकडा खाली आला. डॉक्टर बाळासाहेबांना म्हणाले, "सध्या स्कॅनमध्ये आजार दिसत नाही. पण एवढ्या पुढच्या स्टेजला बहुतेकींमध्ये तो कधीतरी परत येतो. कधी ते सांगता येत नाही, म्हणून तपासणी चुकवू नका." डॉक्टरांच्या खोलीपासून पार्किंगपर्यंत साठ-सत्तर पावलं असतील. तेवढ्यात 'सध्या' गळालं, 'दिसत' गळालं, 'परत येतो' तर जिन्यातच राहिलं. गावात पोचलं ते एवढंच, की गेला.

मग देवीला बोललेलं बकरं पडलं. साडेतीनशे पानाचं जेवण. तांबडा, पांढरा, सुकं मटण, मांडव आणि लाऊडस्पीकर. वॉर्डातल्या आम्हा चौघींना आग्रहाचं आमंत्रण होतं, गाडी पाठवली होती. शालनताईंना नवी साडी नेसवून खुर्चीवर बसवलेलं. डोक्यावर बोटाच्या पेराएवढे केस. अधिकृत कारण होतं 'पोटातली साधी गाठ निघाली'. साध्या गाठीला साडेतीनशे पान कशाला, हे विचारायचा वाईटपणा कुणी घेतला नाही.

आणि मग उपसरपंचांनी माईक हातात घेतला. "आमच्या शालनवैनींनी," ते गरजले, "कॅन्सरला चारी मुंड्या चीत केलं."

मांडवात वाढप्यांचे हात थांबले. सात-आठ महिने पार्किंगच्या फाटकातून आणलेली गोष्ट आता लाऊडस्पीकरवरून शेजारच्या गावातही ऐकू गेली होती. सचिन वायर उपटायला धावला. बाळासाहेब एखाद्या लहान पोरासारखे बायकोच्या तोंडाकडे बघत राहिले. शालनताई मात्र पदर सावरत म्हणाल्या, "मला ठावं हुतं की. म्होरल्या गेटवर पाटी न्हाय व्हय? जेवा, रस्सा गार हुतोय."

नंतर मी पानावर बसले होते तेव्हा त्या माझ्याजवळ आल्या. वाटी पुढं सरकवली, वाकून हळूच विचारलं, "गेला म्हणत्यात. म्हंजे आता वेळ हाय न्हवं मला? लेकीकडं आता जाऊ, का सुगी झाल्यावर? तवर केस बी येतील. आसं डोस्कं बघून पोरगी भ्यायची."

मला सगळं माहीत होतं. इतकी वर्षं मी तेच बघत होते. त्यांचा आजार किती पसरलेला होता, ऑपरेशनमध्ये काय काढता आलं नव्हतं, ते मी फाईलमध्ये वाचलं होतं. 'आता जावा, उद्याच जावा' एवढंच म्हणायचं होतं. पण मांडव सजलेला, बाळासाहेब आग्रहानं वाढतायत, माझ्या ताटात पांढरा रस्सा. अशा वेळी खरं बोलणारी बाई अपशकुनी ठरते. मी तोंडातला घास गिळला आणि म्हणाले, "सुगी होऊ द्या की. निवांत जावा."

त्यांचा माझ्यावर विश्वास होता. पहिल्या टोचण्यात शीर सापडवणारी सिस्टर खोटं कशाला बोलेल?

मग सुगी झाली. शेंगा निघाल्या, सोयाबीन निघालं. सून बाळंत झाली. केस खांद्यापर्यंत नाही, पण कानापर्यंत आले. नातीसाठी गडहिंग्लजच्या बाजारातून एक फ्रॉक घेऊन ठेवला. आणि जेवणानंतरच्या पाचव्या महिन्यात शालनताईंचं पोट पुन्हा फुगलं. या खेपेला घरात कुणी ओवा दिला नाही, एवढी प्रगती झाली होती.

पोटातलं पाणी काढलं, स्कॅन झाला. नेहमीप्रमाणे शालनताई बाकावर आणि फाईल आत. मी सह्यांचे कागद घेऊन आतच उभी होते. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, आजार इतक्या लवकर उलटलाय म्हणजे आधीच्या औषधाला तो आता फारसा दबणार नाही. दुसरं औषध आठवड्याला देता येईल. काहींना त्यानं थोडे महिने मिळतात, बरं कुणी होत नाही, आणि त्रास होतो. नाहीतर औषध थांबवून त्रासावर इलाज करायचा. पोटात साठणारं पाणी घरच्या घरी काढायला बारीक नळी ठेवता येते, दुखण्याला मॉर्फिन आहे, उलटीला औषध आहे, आमची सिस्टर घरी येते. याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. हे शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवायचं नसतं, डोस घ्या किंवा घेऊ नका, आजपासूनच सुरू करायचं असतं.

"सोडून द्या म्हणताय व्हय?" बाळासाहेब म्हणाले. "आमी सोडणारी माणसं न्हाय. सगळ्यात जहाल आसंल ते औषध द्या."

त्यांचं बायकोवर प्रेम नव्हतं असं कुणी म्हणू नये. ते प्रेम करायची त्यांची एकच रीत होती, तिला न विचारता तिच्यासाठी सगळं करायची. वॉर्डात मी असे प्रेमळ नवरे शेकड्यांनी पाहिले.

डॉक्टर पुढे म्हणाले, "अजून एक. हा आजार कधी कधी घराण्यातून येतो. त्यांच्या रक्ताची तपासणी करू. दोष निघाला तर मुलीलाही कळवायला लागेल. मुलगी आहे ना?"

"न्हाय," बाळासाहेब म्हणाले.

सचिन फरशीकडं बघत होता. उपसरपंच छताकडं. मी म्हणाले, "आहे. मलकापूरला. मनीषा नाव आहे तिचं."

तीस वर्षांत मी डॉक्टरांच्या खोलीत न विचारता बोलले ते तेवढंच. बाळासाहेबांनी माझ्याकडं असं बघितलं की त्यांच्या घरी जेवलेलं मला पुन्हा आठवलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "सिस्टर, पेशंटला आत बोलवा."

शालनताई आल्या, खुर्चीच्या कडेला टेकल्या आणि डॉक्टर बोलायच्या आत म्हणाल्या, "आता मी इचारतो. डोस घेटला तर बरी हुईन का?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "कदाचित थोडा वेळ मिळेल. त्यातला बराचसा इथं येण्याजाण्यात जाईल."

"किती वेळ हाय तसा?"

"नेमकं कुणालाच सांगता येत नाही. महिन्यांत मोजा, वर्षं धरू नका."

त्यांनी हाय खाल्ली नाही. भोवळ आली नाही. इतकी वर्षं ज्या हाय खाण्याला घाबरून आम्ही एवढं नाटक केलं, ते काही झालंच नाही. पदराच्या टोकानं त्यांनी एकदा डोळे पुसले. मग त्या सचिनला म्हणाल्या, "मला मलकापूरला सोड."

बाळासाहेब उठून उभे राहिले. "आमी काय मेलोय व्हय, तिकडं जायला?"

"तुमी न्हाय, मी मरायला लागलोय," शालनताई म्हणाल्या. "बसा खाली."

ते बसले. सचिननं गाडीची किल्ली खिशातून काढली आणि कुणाकडंही न बघता बाहेर गेला. शालनताई त्याच्यामागून गेल्या, त्या दिवशी पुढच्या फाटकातून.

त्यानंतर मी वॉर्डात माझ्यापुरता नियम बदलला. फाईलवाले आत गेले की बाकावरच्या बाईला विचारायचे, "तुमच्या आजाराचं तुम्हाला किती कळायला हवं?" काहीजणी म्हणायच्या, "मालकास्नी सांगा, मला नगं." तेही उत्तरच आहे, आणि ते त्यांचं त्यांनी दिलेलं. पण बऱ्याचजणी म्हणायच्या, "कुणी इचारलंच न्हाय आजवर." नातेवाइकांनी माझ्याविरुद्ध दोनदा तक्रार केली. दोन्ही तक्रारी मी जपून ठेवल्या आहेत. प्रशस्तिपत्रं एवढी जपली नाहीत.

घरी जाणाऱ्या पथकात मी माझं नाव घालून घेतलं आणि दर आठवड्याला मलकापूरला जायला लागले. मनीषा पहिल्याच दिवशी नळी उघडायला शिकली, किती पाणी निघालं ते वहीत लिहायची. तिची सासू नाचणीची आंबील करून चमच्याचमच्यानं भरवायची आणि विहिणीला दटावायची, "अजून दोन चमचे. माझ्या घरात माझं चालतं." दुखणं मॉर्फिननं आवरलं होतं. रक्ताच्या तपासणीत दोष निघाला नाही, हे मी मनीषाला सांगितलं तेव्हा शालनताईंनी हात जोडले. बाळासाहेब पहिल्या दोन खेपांना कोपऱ्यावर गाडीत बसून राहिले आणि सचिनच्या हाती मोसंबी पाठवली. तिसऱ्या खेपेला आत आले. जावयानं दिलेलं पाणी प्यायले, अर्धा तास बायकोच्या पायाशी बसले आणि एक शब्दही बोलले नाहीत. एवढं मोठं भाषण मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

मी शेवटची गेले तेव्हा शालनताईंचे दोन्ही पाय सुजून खांबासारखे झाले होते. नात कॉटजवळ उभी राहून त्यांचं बोट ओढत होती. परसात कालच वासरू झालं होतं आणि तिला ते आजीला दाखवायचं होतं. "आजी, चल की," ती म्हणत होती. "लांब न्हाय."

मी नळी साफ करत होते. शालनताई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "सिस्टर, जेवणादिवशी तुमाला इचारलंतं मी. तवा मी चालत हुतो."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी बोलले असते. मी हात पुसत राहिले.

मग त्या नातीला म्हणाल्या, "मला न्हाय जमत, बाळ. सिस्टरास्नी घिऊन जा."

पोरीनं आजीचं बोट सोडलं आणि माझं धरलं. मी तिच्याबरोबर वासरू बघायला गेले.